एका चौकटीत दोन क्षण

२००३च्या श्रावणात वाईजवळच्या एका गावात मी मंगळागौरीच्या खेळांचं चित्रण केलं होतं. मिनी डीव्हीच्या तीन कॅसेटी, प्रत्येकी एक तासाची. खेळणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या, त्यांच्या सुना होत्या, शेजारणी होत्या. तिसऱ्या कॅसेटीवर आजींची धाकटी बहीण होती. ती लग्न होऊन कोकणात गेलेली, त्या वर्षी योगायोगाने बहिणीकडे आली होती. मंगळागौरीची गाणी पुष्कळांनी गोळा केली आहेत. मला हवं होतं ते वेगळं: खेळताना अंग काय करतं, फुगडीत भार कुठल्या पायावर येतो, झिम्म्यात टाळी कुठल्या हाताची आधी लागते. गाणं कागदावर उतरवता येतं, हात उतरवता येत नाही. म्हणून कॅमेरा.

घरी येऊन चित्रण संगणकावर लावलं तेव्हा भिंत स्वच्छ दिसत होती, समई स्वच्छ होती, बाजूला बसलेल्या बायकांच्या साड्यांचे काठसुद्धा मोजता येत होते. पण फुगडीने वेग घेतला की खेळणाऱ्यांच्या कडांना फणीसारखे दात फुटत. हात तर पार कंगव्यासारखा दिसे. मला वाटलं कॅमेरा बिघडला. दुरुस्तीवाल्याला दाखवला, त्याने टीव्हीला जोडून चालवून दाखवला. टीव्हीवर सगळं निर्दोष होतं. कॅमेऱ्यात काही नाही म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. पुढे मी जी चूक केली ती या न समजलेल्या गोष्टीतून झाली. तिच्याकडे येण्याआधी ते दात कुठून येतात हे सांगायला हवं.

दूरचित्रवाणी जन्माला येत असतानाची एक अडचण अशी होती. सेकंदाला २५ चित्रं दाखवली तर हालचाल बऱ्यापैकी सलग वाटते, पण पडदा उजळतो-मावळतो आहे हे डोळ्याला जाणवतं आणि त्रास होतो. ५० दाखवली तर लुकलुक जवळजवळ नाहीशी होते, पण पाठवायचा मजकूर दुप्पट होतो आणि तेवढी जागा लहरींत मिळणं कठीण. यातून निघालेली वाट हुशारीची होती. चित्राच्या ओळी एकाआड एक पाठवायच्या. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळी, मग दुसरी, चौथी, सहावी अशा सम ओळी. पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो, पण दर वेळी अर्ध्याच ओळी जातात. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, दोन फील्डची मिळून एक फ्रेम. ओळी अशा एकमेकींत गुंफल्या जातात म्हणून पद्धतीचं नाव इंटरलेस्ड.

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नोव्हेंबर १९३६मध्ये नियमित प्रक्षेपण सुरू केलं तेव्हा दोन पद्धती आलटूनपालटून वापरल्या जात होत्या. बेअर्डची २४० ओळींची, पूर्ण चित्रं सेकंदाला २५ वेळा दाखवणारी. आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची, गुंफलेली. काही महिन्यांतच, १९३७च्या सुरुवातीला, बेअर्डची पद्धत बंद झाली. गुंफण्याची रीत मात्र पुढे जगभर टिकली. आपल्याकडे दिल्लीत १९५९मध्ये आणि मुंबईत १९७२मध्ये दूरदर्शन आलं ते ६२५ ओळींचं, सेकंदाला ५० फील्डचं. १९८२मध्ये रंग आला तो पाल पद्धतीने, याच चौकटीत. ६२५पैकी चित्राच्या ओळी ५७६. विजेचा प्रवाहही आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे, हा योगायोग नव्हे. फील्डचा वेग विजेशी जुळता ठेवला तर पडद्यावर सरकत्या पट्ट्यांचा त्रास कमी होतो, म्हणून तो तसा निवडला गेला. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, तिथे फील्डही जवळपास ६०.

आता कळीचा मुद्दा. त्या काळच्या कॅमेऱ्याने एक पूर्ण चित्र घेऊन मग त्याचे दोन भाग केले असते, तर काही बिघडलं नसतं. पण तो तसं करत नाही. विषम ओळी एका क्षणी टिपतो, सम ओळी त्यानंतर एक पन्नासांश सेकंदाने, म्हणजे २० मिलिसेकंदांनी. फ्रेम म्हणून जे आपण एक चित्र समजतो त्यात दोन वेगळे क्षण एकाआड एक ओळींत बसलेले असतात. भिंत दोन्ही क्षणी जागच्या जागी असते, म्हणून ती स्वच्छ. फुगडीचं मात्र गणित करून पाहा. एक गिरकी साधारण एका सेकंदाची धरली आणि मागे झुकलेलं डोकं मध्यापासून पाऊण मीटरवर धरलं, तर ते सेकंदात पावणेपाच मीटरचा फेरा घालतं. २० मिलिसेकंदांत नऊ-साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच बोटं. विषम ओळींतलं डोकं आणि सम ओळींतलं डोकं यांच्यात तेवढं अंतर पडलं की कडेला दात दिसणारच.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर हे दिसत नसे, कारण तो टीव्हीही त्याच रीतीने चित्र काढी. आधी विषम ओळी उजळत, त्या विझत आल्या की सम ओळी. दोन क्षण दोन वेगळ्या क्षणीच दिसत. संगणकाचा आणि आजच्या टीव्हीचा पडदा सगळ्या ओळी एकदम उजळतो. त्यामुळे दोन्ही क्षण एकाच वेळी समोर येतात. माझ्या दुरुस्तीवाल्याच्या टीव्हीवर चित्रण निर्दोष दिसलं ते यामुळे.

म्हणून चित्रण आजच्या पडद्यासाठी तयार करताना गुंफण उकलावी लागते. याला डीइंटरलेसिंग म्हणतात. सगळ्यात ढोबळ उपाय म्हणजे एक फील्ड फेकून द्यायचं आणि उरलेल्याच्या ओळी ताणून पूर्ण चित्र करायचं. दात जातात, पण भिंत आणि समईही पुसट होतात आणि हालचालीतले अर्धे क्षण कायमचे जातात. दुसरा उपाय दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळण्याचा. यात दातांच्या जागी भूत येतं, एका हाताचे दोन अर्धपारदर्शक हात. लग्नाच्या व्हिडिओंच्या बऱ्याचशा डीव्हीडी मी अशा पाहिल्या आहेत आणि 'जुनं चित्रण असंच असतं' हे वाक्यही बरोबर ऐकलं आहे. जुनं चित्रण असं नसतं. ते असं केलेलं असतं.

चांगला उपाय थोडा कष्टाचा आहे. प्रत्येक फील्ड हा स्वतंत्र क्षण मानायचा आणि त्याच्या २८८ ओळींपासून ५७६ ओळींचं पूर्ण चित्र उभं करायचं. जिथे काही हलत नाही तिथे शेजारच्या फील्डमधल्या ओळी जशाच्या तशा घ्यायच्या, जिथे हालचाल आहे तिथे वरच्या-खालच्या ओळींवरून अंदाजाने भरायच्या. याडिफ नावाचा फिल्टर हेच करतो. तो एफएफएमपेग या मोफत प्रणालीत आहे. व्हीएलसीमध्येही तो निवडता येतो, पण तिथे तो फक्त पाहताना लागू होतो, मूळ फाइल तशीच राहते. कोणाच्या घरची जुनी फाइल दात दाखवत असेल तर आधी व्हीएलसीत याडिफ २एक्स लावून पाहावं. निम्म्या लोकांची काळजी तिथेच मिटते. याहून सरस काम क्यूटीजीएमसी करतं. ते आजूबाजूच्या अनेक फील्डमधली हालचाल मोजून ओळी भरतं, पण साध्या संगणकावर एका तासाच्या चित्रणाला सहज रात्र लागते.

याडिफची एक खोड सांगितली पाहिजे, कारण ती मला फार उशिरा कळली. एफएफएमपेगमध्ये तो काही न सांगता चालवला तर प्रत्येक फ्रेममागे एकच चित्र देतो. सेकंदाला २५. चित्र छान दिसतं आणि निम्मे क्षण गेले हे लक्षातही येत नाही. प्रत्येक फील्डमागे एक चित्र हवं, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. मग सेकंदाला ५० चित्रं मिळतात. गप्पांच्या चित्रणात या दोहोंतला फरक नजरेला सुखद वाटण्यापुरता आहे. झिम्म्यात तो फरक म्हणजे पुरावा असणं आणि नसणं.

उकलण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: आधीचं फील्ड कुठलं? सर्वांत वरची ओळ ज्यात असते ते वरचं फील्ड, दुसरं खालचं. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. पालच्या डीव्हीडीवर बहुधा वरचं आधी. घोटाळा असा की हे कॅसेटीवर अवलंबून नाही, कॅसेट ज्या यंत्रातून संगणकात आणली त्यावर आहे. एकच व्हीएचएस कॅसेट डीव्ही कॅमेऱ्यातून आणली तर खालचं आधी, साध्या कॅप्चर कार्डातून आणली तर सहसा वरचं आधी. त्यात कोणी चित्राची वरची कड नीट करायला एक ओळ कापली तर क्रम उलटा होतो, कारण दुसऱ्या ओळीला आता पहिलीची जागा मिळते. फाइलवर लिहिलेला क्रम मात्र जुनाच राहतो. कापायच्याच असतील तर ओळी नेहमी जोडीने कापाव्यात.

क्रम चुकला तर काय दिसतं? क्षण एक, दोन, तीन, चार असे होते ते दोन, एक, चार, तीन असे लागतात. फुगडी एक पाऊल मागे, तीन पावलं पुढे, पुन्हा एक मागे अशी थरथरते. दात एकही नसतो, प्रत्येक चित्र सुटं पाहिलं तर निर्दोष असतं, आणि तरीही पाहणाऱ्याला दोन मिनिटांत डोकेदुखी होते. फाइलवरच्या शिक्क्यावर विश्वास न ठेवता मी आता हाताने तपासते. जलद हालचालीचे दोन सेकंद घ्यायचे, दर फील्डमागे एक चित्र करायचं आणि एकेक चित्र पुढे सरकवत एखाद्या पदराच्या टोकावर बोट ठेवायचं. टोक एकाच दिशेने गेलं तर क्रम बरोबर. मागेपुढे झालं तर उलटा. तपासण्याचे स्वयंचलित मार्ग आहेत, पण बोट चुकत नाही.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट कळते. कधीकधी पदराचं टोक दोन चित्रं एकाच जागी थांबतं आणि मग उडी मारतं. म्हणजे दोन्ही फील्ड एकाच क्षणाची आहेत. फिल्मवर चित्रित झालेलं आणि टीव्हीसाठी उतरवलेलं साहित्य पाल देशांत असं असतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, तो सरळ २५च्या वेगाने चालवत. (त्यामुळे गाण्याचा स्वर किंचित चढतो. दूरदर्शनवरून चित्रपटगीतं ध्वनिमुद्रित करून पेटीवर बसवणाऱ्यांना याचा अनुभव असेल.) अशा साहित्याची गुंफण उकलू नये. तिथे दोन क्षण नाहीतच, उकलायला गेलं तर नुसती धार जाते.

आता माझ्या चुकीबद्दल. २००५मध्ये मी तिन्ही कॅसेटी फायरवायरने संगणकात घेतल्या. डीव्हीच्या एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात, तिन्हींचे मिळून ३९. माझ्या हार्ड डिस्कवर तेवढी जागा अडवून ठेवणं परवडत नव्हतं. तिसऱ्या कॅसेटीपासून सुरुवात करून मी ७२० बाय ५७६चं चित्र ६४० बाय ४८० केलं, आवळून सीडीवर बसवलं आणि मूळ फाइल पुसली. गुंफण उकलायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे एका ठिकाणी नवी कॅसेट मिळेना म्हणून तीच तिसरी कॅसेट पुन्हा वापरली. 'संगणकात आहे की' असं वाटलं. पहिल्या दोन कॅसेटी वाचल्या त्या माझ्या आळसामुळे. त्या आवळायच्या राहून गेल्या.

गुंफलेलं चित्र उभ्या दिशेने लहान केलं की नेमकं काय होतं, हे मला काही वर्षांनी समजलं. ५७६ ओळींच्या ४८० करताना प्रत्येक नवी ओळ शेजारच्या दोन-तीन जुन्या ओळींच्या मिश्रणातून बनते. त्या ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. कुठे एका क्षणाचा वाटा जास्त, कुठे दुसऱ्याचा. चित्रावर आडव्या पट्ट्या येतात, एका पट्टीत दात ठळक, पुढच्या पट्टीत विरघळलेले. ओळींची एकाआड एक रांग मोडलेली असल्याने कुठलाही फिल्टर आता ती वेगळी करू शकत नाही. फणीचे दात पाहून लोक घाबरतात, पण दात धारदार आणि एकेका ओळीचे असतील तर चित्रण सुखरूप असतं. दोन्ही क्षण पूर्ण शाबूत असतात. पट्ट्या दिसल्या तर मात्र कोणीतरी उकलण्याआधी लहान केलेलं असतं. म्हणून क्रम असा: आधी फील्डची तपासणी, मग उकलणं, मग कापणं, आणि आकार बदलणं अगदी शेवटी. डीव्हीचे ठिपके चौरस नसतात, ७२० बाय ५७६चं चित्र चौरस ठिपक्यांत ७६८ बाय ५७६ होतं. तेही शेवटीच, नाहीतर आजी जरा उंच आणि सडपातळ दिसतात.

यात नुकसान किती झालं, हे पहिल्या दोन कॅसेटी नीट उकलल्यावर कळलं. झिम्म्यात स्वतःची टाळी वाजवून मग दोन्ही बाजूंच्या शेजारणींच्या हातांवर एकदम टाळी द्यायची, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. आजींनीही तसंच सांगितलं होतं. पण त्यांच्या झिम्म्याचा आवाज वेगळा होता. प्रत्येक बाजूच्या टाळीला एक चिमुकली जोडटाळी ऐकू येई, तबल्यावर दोन बोटं किंचित मागेपुढे पडावीत तशी. ध्वनीचा आलेख काढला तर दोन ठोक्यांत सुमारे ३० मिलिसेकंद. आवाजावरून हात कुठला हे कळत नाही. सेकंदाला २५ चित्रांतही कळत नाही, कारण एका चित्रात हात हवेत आणि पुढच्यात दोन्ही टेकलेले. सेकंदाला ५० केल्यावर मधलं चित्र मिळालं. त्यात डावा हात टेकलेला आहे आणि उजवा अजून अंतर राखून आहे. मोजता आलेल्या टाळ्यांपैकी बहुतेकींत डावा हात एका फील्डने पुढे, काहींत दोन फील्डने. एकाही ठिकाणी उजवा आधी नाही. सुनांच्या झिम्म्यात हे नाही. त्यांचे दोन्ही हात एकाच चित्रात टेकतात.

मग ही डावी टाळी आजींनी कुठून आणली? सासरी शिकल्या असत्या तर त्याच गावात वाढलेल्या शेजारणींत ती दिसायला हवी होती, आणि त्यांच्यात ती नाही. पण शेजारणी सगळ्या वयाने लहान, त्यांच्या पिढीत ती मोडली असणंही शक्य आहे. याचा निकाल एकाच व्यक्तीकडून लागला असता: धाकट्या बहिणीकडून. दोघी एका आईच्या हाताखाली शिकल्या आणि मग पन्नास वर्षं वेगळ्या मुलखांत राहिल्या. बहिणीचाही डावा हात आधी असेल तर टाळी माहेरची. तिसऱ्या कॅसेटीवर त्या पंधरा मिनिटं झिम्मा खेळल्या आहेत. सीडीवरचा आवाज चांगला आहे आणि जोडटाळी ऐकू येते. हात पट्ट्यांत आहेत. मी त्या पंधरा मिनिटांतली प्रत्येक टाळी पाहिली आहे, आणि ज्या चित्रात एक हात टेकलेला असायला हवा तिथे दोन्ही हात अर्धे टेकलेले आणि अर्धे हवेत आहेत. काही टाळ्यांत मला डावा हात आधी दिसतो. पण मला तो दिसायलाच हवा आहे, त्यामुळे ते मी पुरावा म्हणून मांडणार नाही. दोघी बहिणी आता हयात नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या एका व्याख्यानानंतर न्यू जर्सीहून फोन आला. बहिणींच्या घरातल्याच एका बाईंकडे तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मंगळागौरीचं चित्रण होतं, धाकट्या बहीणबाई लेकीकडे गेल्या होत्या तेव्हाचं. त्यांनी आपुलकीने त्याची डीव्हीडी पाठवली. पण ती अमेरिकी पद्धतीच्या कॅसेटीवरून आपल्या पद्धतीत बदलून घेतलेली होती. सेकंदाला ६० फील्डची ५० करताना दुकानातल्या यंत्राने शेजारची फील्ड एकमेकांत मिसळली होती. प्रत्येक हाताला भूत. मी त्यांना लिहिलं की बदललेलं काही नको, मूळ कॅसेटच हवी, आणि ती तिथेसुद्धा कोणाला चालवून पाहू देऊ नका.

कॅसेट या ऑगस्टमध्ये आली. व्हीएचएस, दोन तासांची. खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीच्या कडेला पांढरी बुरशी आहे. ती तशीच यंत्रात घातली तर यंत्राचं डोकंही खराब होईल आणि फीतही ओरखडली जाईल. आधी ती हाताने उलगडून साफ करावी लागेल, मग अमेरिकी पद्धत जशीच्या तशी वाचणारा व्हीसीआर लावून, काही न बदलता, ६० फील्डसकट आत घ्यावी लागेल. तिथे दोन फील्डमधलं अंतर १७ मिलिसेकंदांहूनही कमी आहे, माझ्या कामाला उलट अधिक सोयीचं. हवेतला दमटपणा कमी होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं आहे. कॅसेट सध्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात बंद आहे.